खाडाखोड नाही

खानापूरच्या जुन्या कचेरीतले पाच पंचनामे
तिनईकर मास्तरांनी रुमालात बांधून आणले.
मोडीतून बाळबोधीत उतरवून द्या म्हणाले,
पानाला चाळीस रुपये, चहा वेगळा.

सन अठराशे सत्त्याऐंशी. लोंढ्याकडे रेल्वेचा भराव पडत होता.
चार महिन्यांत पाच बायका,
प्रत्येक मैलाच्या दगडापाशी.
येसू कुंभारीण. दुर्गव्वा. दुसरी एक दुर्गव्वा, सौंदत्तीकडची.
चौथीचं नाव "समजत नाही",
चुंबळ मात्र डोक्यावर तशीच.
गळ्याला काथ्याचा दोर,
आणि दगडावर तिच्याच बांगड्या
एकीवर एक, उतरंडीसारख्या.
फुटलेली एकही नाही.

उतरवता उतरवता मी त्याला जुळवू लागले.
काचेची बांगडी न फुटता काढायची
म्हणजे तेल लागतं, नाहीतर साबण, आणि वेळ.
म्हणजे त्या वाटेवर त्याला हटकणारं कुणी नव्हतं.
दोन्ही भाषा येत असणार:
येसू मराठी हाकेला थांबली, दुर्गव्वा कानडी,
पळाल्याच्या खुणा कुठेच नाहीत.
गाठ उलटी. डावरा.
मोजायची सवय.
घरी जाऊन जेवत असणार. हे कागदात नाही,
माझं मला वाटलं.

बेळगावच्या साहेबाने समासात लिहिलं, नेटिव्ह, वेडा.
गुंजीच्या पाटलाने सांगितलं, छावणीतला गोरा, प्यालेला.
कानडी पंच म्हणाले मराठा असावा,
मराठी पंच म्हणाले कानडी.
(हा तंटा अजून मिटलेला नाही.)
वडार म्हणाले, भराव बळी मागतो.
इतक्या जणांत एकालाही
तो आपल्यातला वाटला नाही.

पाचवी शिवबाई. आदल्या बाजारी बांगड्या भरलेल्या, हिरव्या.
वर लिहिलंय: दगडावर बांगड्या नऊ.
खाली पंचांच्या जबान्या, निशाणी अंगठा: सात. सात. सात.
जुन्या हातात आकडे चकवतात,
म्हणून भिंग लावलं, खिडकीशी गेले.
सात ते सातच. नऊ ते नऊच.
मग रुमालाच्या घडीत एक चिठोरं सापडलं,
वेगळ्या हाताचं, वेडंवाकडं, महिनाअखेरचं:
कुंभाराचा पोर मलप्रभेच्या वाळूतून
दोन बांगड्या घेऊन आला. हिरव्या. जमा केल्या.

नऊ लिहिणाऱ्याने
त्या दोन कधी मोजल्या?

मी पहिल्या पानापासून पुन्हा वाचलं.
त्याच बस्त्यात त्याच हाताचे दुसरे कागद आहेत,
म्हैस चोरीला गेल्याचा, इदलहोंडच्या बांधाचा.
त्यांत ओळी खोडलेल्या, शब्द वर चढवलेले,
एका पानावर तर शाईची दौत लवंडलेली.
या पाचांत एकही शब्द खोडलेला नाही.
मोडीत लेखणी उचलत नाहीत म्हणतात.
इथे ती थबकलेलीही नाही,
जणू सगळं आधीच पाठ होतं.
फक्त ओळभर शाई पुसटलेली,
लिहून झालेल्या ओल्या अक्षरांवरून
मागून मनगट गेल्यासारखी.

डावरे तेव्हाही पुष्कळ असतील.
माणूस थकलेला असेल, चुकून नऊ पडलं असेल.
पोराने बांगड्या दुसरीकडून आणल्या असतील.
मेलेल्या माणसावर असा आळ घ्यायला
मी कोण, पानाला चाळीस रुपये घेणारी.

खाली सही: अंताजी रामकृष्ण तिनईकर, कारकून.

मास्तर चहा घेऊन आले.
"आमचे पणजोबा," म्हणाले,
"अक्षर बघा की ओ. मोती नुसते."
मी म्हटलं, हो, खाडाखोड नाही.
त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

संध्याकाळी पाचवा कागद उतरवायला घेतला.
नऊपाशी आले. नऊ लिहिलं.
खोडलं, सात केलं. सात खोडून पुन्हा नऊ,
बाजूला पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह,
तेही रबराने पुसलं, आणि परत काढलं.
कागद तिथे इतका झिजला
की दिव्यासमोर धरला तर उजेड दिसतो.
तसाच दिला.